तुम्ही विचारलंत म्हणून: कॉर्व्हेटच्या जुन्या इंजेक्शनची पारख आणि त्याचे मोल

मिशिगनसारख्या मोटारींच्या मुलखात राहून जुन्या इंजिनांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. कोणी जुने घर घेतलेले असते, गराजच्या माळ्यावर अ‍ॅल्युमिनियमचे एक जड धूड सापडते, आणि त्याच्या फोटोखाली विचारलेले असते: "हे जुन्या कॉर्व्हेटचे फ्यूल इंजेक्शन आहे, असे शेजारी म्हणतात. खरे आहे का, आणि याचे किती येतील?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा फोटोवरून देता येते. दुसऱ्याचे मात्र त्या धुडाबरोबर आणखी काय सापडले, यावर अवलंबून असते.

कार्ब्युरेटरऐवजी नोझलांतून पेट्रोल फवारणारी ही प्रणाली शेव्हरोलेने (कॉर्व्हेट ही तिचीच स्पोर्ट्स गाडी) १९५७ मध्ये बाजारात आणली. जनरल मोटर्सच्या रॉचेस्टर प्रॉडक्ट्स विभागाने ती बनवली, आणि तिच्या जडणघडणीत जॉन डोल्झा व झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. २८३ घनइंचांच्या इंजिनातून तिने २८३ अश्वशक्ती काढून दाखवली, आणि घनइंचामागे एक अश्वशक्ती ही गोष्ट जाहिरातीत ठळकपणे मिरवली गेली. त्यासाठी ४८४.२० डॉलर जादा मोजावे लागत, आणि त्या वर्षीच्या ६,३३९ कॉर्व्हेटपैकी १,०४० गाड्यांवर ती बसली. मात्र गावोगावच्या मेकॅनिकांना तिचे तंत्र ठाऊक नव्हते. गाडी अडखळू लागली की पुष्कळ मालक हे युनिट सरळ उतरवून त्या जागी चार नळ्यांचा कार्ब्युरेटर बसवीत आणि काढलेला ऐवज फळीवर ठेवून देत. आज गाडीवाचून एकटी सापडणारी युनिटे बहुधा अशीच वेगळी झालेली आहेत.

पारख करण्यापूर्वी त्याचे काम कसे चालते हे थोडक्यात समजून घ्यावे. युनिटचे मुख्य भाग तीन. एअर मीटर आत येणारी हवा मोजतो; त्याच्या गळ्यात निर्माण होणारा निर्वात दाब एका बारीक नळीने फ्यूल मीटरच्या डायफ्रामपर्यंत, म्हणजे दाबाने हलणाऱ्या पातळ पडद्यापर्यंत, पोहोचतो; आणि तो डायफ्राम किती पेट्रोल पुढे जाऊ द्यायचे व किती परत फ्यूल मीटरच्याच वाटीत सांडू द्यायचे हे ठरवतो. तिसरा भाग म्हणजे हवा वाटून देणारी मोठी पेटी, अर्थात प्लेनम, आणि तिच्याखालचा मॅनिफोल्ड, म्हणजे ती हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या वाटांचे ओतकाम. आठ नोझल आठ सिलिंडरांच्या तोंडाशी अखंड फवारा मारत राहतात, वेळ साधून नव्हे. म्हणूनच मर्सिडीज ३०० एसएलच्या बॉश पंपाशी, ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या असतो, याची तुलना करून कोणी "पंप कुठे आहे?" असे विचारले तर गोंधळ होतो. इथला पंप फ्यूल मीटरच्या पोटात असलेला लहानसा गिअर पंप आहे, आणि त्याला फिरवणारी लवचीक केबल डिस्ट्रिब्यूटरमधून, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागातून, येते. ही केबल लक्षात ठेवावी. किमतीच्या हिशेबात ती पुन्हा येणार आहे.

लोक सर्वप्रथम युनिटवर ठोकलेला क्रमांकांचा पत्रा वाचतात. मी तो सर्वांत शेवटी वाचतो, कारण युनिटवरच्या सगळ्या वस्तूंमध्ये नकली बनवायला सोपी तीच आहे, आणि नवे कोरे पत्रे उघडपणे विकत मिळतात. आधी घडण पाहावी. १९६२ पर्यंतच्या युनिटांचा प्लेनम हे एकसंध ओतकाम आहे, त्याचे वरचे झाकण निघत नाही. १९६३ पासून ते झाकण वेगळे असून स्क्रूंनी बसवलेले असते. एवढ्या एका खुणेवरून निम्मा इतिहास कळतो. झाकण वेगळे निघत असेल आणि पत्रा १९५७ चा क्रमांक सांगत असेल, तर पत्रा दुसरीकडून आला आहे, मग विकणारा काहीही सांगो.

क्रमांकांतही एक खोच आहे. या धंद्यात सगळे शेवटचे चार आकडे बोलतात. ७०१४३६० हा १९५७ च्या अगदी सुरुवातीच्या युनिटांचा क्रमांक, तर ७०१७३६० हा १९६२ चा. घाईत वाचले, किंवा झिजलेल्या पत्र्यावरचा मधला आकडा नीट उमटलेला नसला, तर "४३६०" आणि "७३६०" यांत सहज गल्लत होते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने या दोहोंत पैशाचे अंतर फार मोठे आहे. ७०१७३७५ हा १९६३ चा, तर ७०१७३८० हा १९६५ च्या गाड्यांवर आढळणारा. मॉडेल क्रमांकाखेरीज पत्र्यावर अनुक्रमांकही असतो. मॉडेलचा फोटो पाठवून अनुक्रमांक झाकणाऱ्या विक्रेत्यापासून थोडे सावध राहिलेले बरे.

आणखी एक शक्यता तपासून घ्यावी लागते. हे इंजेक्शन केवळ कॉर्व्हेटवर नव्हते. ते शेव्हरोलेच्या मोठ्या गाड्यांवर मिळत असे, आणि १९५७ च्या पॉन्टियॅक बॉनव्हिलच्या सगळ्या ६३० गाड्यांवर रॉचेस्टरचेच इंजेक्शन होते. पॉन्टियॅकचे इंजिन ३४७ घनइंचांचे आणि मुळातच वेगळ्या बांधणीचे, त्यामुळे तो मॅनिफोल्ड शेव्हरोलेवर बसत नाही. म्हणून तो कमी किमतीचा असे मात्र नव्हे. त्याचे गिऱ्हाईक मोजके असते. पण ज्याच्याकडे अपुरी बॉनव्हिल उभी आहे, त्याला दुसरा पर्यायच नसतो.

आता मोल. संपूर्ण, योग्य वर्षाचे आणि जाणकाराने दुरुस्त करून इंजिनावर चालवून पाहिलेले युनिट पाच आकडी डॉलरांत जाते. तुमच्या फळीवरचे युनिट तसे नसते, म्हणून मी त्या भावावरून उलटे मोजत येतो: काय नाही, काय चुकीचे आहे, काय खराब आहे, आणि ते आणायला किती लागेल. या वजाबाकीत सगळ्यांत मोठा आकडा बहुधा डिस्ट्रिब्यूटरचा निघतो. साध्या डिस्ट्रिब्यूटरला पंपाच्या केबलची जागाच नसते, त्यामुळे इंजेक्शनचा खास डेल्को-रेमी डिस्ट्रिब्यूटर नसेल तर बाकी सारे निर्दोष असूनही पंप फिरत नाही. त्याच्या पट्टीवर क्रमांक आणि बनल्याची तारीख असते. १९६३ साठी १११०२२ नव्हे, तर ११११०२२ हा क्रमांक शोधावा. (एक "एक" गाळून लिहिलेल्या जाहिराती मी पाहिल्या आहेत.)

त्यानंतर फ्यूल मीटर. वर्षानुवर्षे तळाशी साचलेल्या पाण्याने त्याची वाटी आतून खाल्ली जाते, आणि बाहेरून हे अजिबात दिसत नाही. नोझल आठही असावेत, आणि शक्यतो एकाच प्रवाहाच्या जुळणीचे. वेगवेगळ्या युनिटांतून गोळा केलेले आठ नोझल संख्येने पुरे असले तरी इंजिनाला एकसारखे चालू देत नाहीत. एअर मीटरमधला शंकूसारखा डिफ्यूजर तुटलेला किंवा गायब नाही ना, हेही पाहावे.

तारखांचे महत्त्व खरेदीदार कोण, यावर ठरते. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी या जुन्या कॉर्व्हेट मूळ रूपात जपणाऱ्यांच्या संघटनेच्या परीक्षणाला गाडी नेणारा मालक ओतकामावरची तारीख स्वतःच्या गाडीच्या बांधणीच्या थोडी आधीची आहे का, हे भिंग लावून पाहतो, आणि जुळली तर तो बाजारभावापेक्षा पुष्कळ अधिक देतो. त्याच्या इंजिनावर १९६३ चा "आरएफ" किंवा १९६५ चा "एचजी" हा शिक्का असेल, तर गाडी मुळात इंजेक्शनची होती असे मानायला आधार मिळतो, आणि असा मालक वर्षानुवर्षे थांबायला तयार असतो. १९६५ च्या बाबतीत त्याला थांबावेच लागते. त्या वर्षी इंजेक्शनसाठी ५३८ डॉलर पडत, तर कार्ब्युरेटरचे ३९६ घनइंची, ४२५ अश्वशक्तीचे इंजिन २९२.७० डॉलरांत मिळत होते. साहजिकच इंजेक्शनच्या गाड्या अवघ्या ७७१ निघाल्या आणि पर्याय बंद झाला. कॉर्व्हेटला पुन्हा इंजेक्शन मिळायला १९८२ उजाडले.

विकण्यापूर्वी ते चकचकीत करून घेऊ नये. बारीक काचेच्या मण्यांचा मारा करून केलेली सफाई मूळ पृष्ठभाग घालवते, आणि आत अडकलेले मणी पंपाच्या गिअरांवर चरे पाडतात. पेट्रोल ओतून "चालते का" हे पाहण्याच्या भरीसही पडू नये. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या डायफ्रामांना आणि सिलांना सोसत नाही. भाग सुटे करून विकल्यास बेरीज जास्त होते, असे काही जण सुचवतात. ते कधीकधी खरेही ठरते, परंतु एकत्र जन्मलेले युनिट फोडणे मला पटत नाही, आणि त्याचा खरा गिऱ्हाईकही ते अखंड असेल तरच येतो.

तेव्हा फोटो पाठवताना प्लेनमचे झाकण, पत्रा, फ्यूल मीटरचा तळ आणि ओतकामावरच्या तारखा असे चार तरी पाठवावेत. आणि त्याआधी त्याच माळ्यावरची बाकीची खोकी उघडून पाहावीत, कारण युनिट उतरवणाऱ्या मेकॅनिकने डिस्ट्रिब्यूटरही बदललेला असण्याचा संभव असतो, आणि तो बहुधा वेगळ्याच डब्यात, केबलसकट पडलेला असतो.