पाव पेनी

"हात पुढे कर," म्हणत शेजारच्या आजोबांनी आज माझ्या तळहातावर चांदीचा एक तिकोनी तुकडा ठेवला. नखाएवढा. वजन जाणवलंच नाही.

मला वाटलं, नांगराने तुटलेलं नाणं. तर नाही! तेराव्या शतकातली पेनी, मुद्दाम कापलेली. १२४७ पासून इंग्लंडच्या पेनीवर कडेपर्यंत जाणारा लांब क्रॉस आला. त्याच रेषेवर कापायचं. दोन तुकडे म्हणजे अर्धी, चार म्हणजे पाव. सुट्टे पैसे!

आजोबा चाळीस वर्षं इथे, इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या शेतांत, मालकाला विचारून, मेटल डिटेक्टर घेऊन हिंडतायत. त्यांच्या कपाटाच्या खणांत बकलं, अंगुस्तानं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी: कुठलं शेत, किती खोल, कुठली तारीख. "नाणं विकत मिळतं, जागा नाही मिळत," म्हणाले. इथे १९९७ पासून असे शोध नोंदवायची सरकारी योजना आहे. कायद्याने सक्ती नसलेल्या वस्तूही ते आपणहून नेऊन दाखवतात.

ती चिठ्ठी डोक्यातून जात नाहीये. गावी आमच्या देवघरात तांब्याच्या सात शिवराया आहेत. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपती'. पणजोबांना नांगरताना सापडल्या, एवढंच ऐकलंय. विहिरीजवळच्या शेतात की ओढ्यापलीकडे? लक्ष्मीपूजनाला आम्ही त्या चिंचेने घासून लख्ख करतो, हे सांगितल्यावर आजोबांनी डोळेच मिटून घेतले.

शेत सांगू शकेल अशी आत्या एकटीच उरलीय. उद्या सकाळीच तिला फोन करते.

तुमच्या घरातली शिवराई कुठल्या मातीतून आली, माहितीये?