तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळी कळणारं सॉफ्टवेअर

"टाइम सिरीजसाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" हे मला सारखं विचारलं जातं. टाइम सिरीज म्हणजे काळाच्या क्रमाने नोंदलेले आकडे, उदाहरणार्थ दर महिन्याची विक्री. माझं उत्तर आर, ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा. का म्हणाल, तर दिवाळीमुळे.

महिनावार आकड्यांतला दरवर्षीचा ठरलेला चढउतार बाजूला काढायला अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोचा एक्स-१३ हा प्रोग्राम जगभर वापरतात. त्यात ईस्टर आणि थँक्सगिव्हिंग आयते आहेत, दिवाळी नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. बिचाऱ्या प्रोग्रामला वाटतं, यंदा ऑक्टोबर आपटला आणि नोव्हेंबरने उसळी मारली. कुठल्याही मिठाईवाल्याला हे दाखवा, तो हसेल.

आरमधून एक्स-१३ चालवणाऱ्या 'सीझनल' या जोड-पॅकेजात मात्र दिवाळीच्या तारखा ईस्टर आणि चिनी नववर्षाच्या पंगतीला बसवलेल्या आहेत. त्या 'जेनहोल' फंक्शनला द्यायच्या आणि सणाआधीचे किती दिवस खरेदीचे धरायचे ते सांगायचं. सरावाला भारताच्या औद्योगिक उत्पादनाची मालिकाही तिथेच आहे. ग्रेटल हे दुसरं सॉफ्टवेअर आणि पायथन भाषेचं स्टॅट्समॉडेल्स पॅकेज, यांतूनही एक्स-१३ चालवता येतो, पण पंचांग ज्याचं त्याने आणायचं.

स्टाटा, ईव्ह्यूज ही विकतची सॉफ्टवेअर चांगलीच आहेत. कॉलेजने विकत घेतली असतील तर खुशाल वापरा, स्वतःच्या खिशातून नको. कमांड लिहायची धास्ती असेल तर ग्रेटल घ्या: फुकट आहे आणि मेन्यूवर चालतं.

आता एक खोडी सांगतो, हिच्यापायी माझी अर्धी रात्र गेली आहे. तोच डेटा, तेच अरिमा (१,१,१) मॉडेल (मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणारं), आणि आर व स्टाटाचे अंदाज वेगळे! आरचा अंदाज थोडं पुढे जाऊन सपाट होत होता, स्टाटाचा वर चढत होता. डेटा तीनदा तपासला. मग कळलं की एकदा फरक घेतला (प्रत्येक आकड्यातून आधीचा वजा केला, कंसातला मधला १ तोच) की आरचं साधं 'अरिमा' फंक्शन स्थिरांक, म्हणजे अंदाजाला सतत चढ किंवा उतार देणारा आकडा, गुपचूप गाळतं, आणि स्टाटा न सांगता घालतं. स्टाटात 'नोकॉन्स्टंट' लिहिलं तेव्हा कुठे दोघांचं जुळलं. ग्रेटलही स्टाटासारखंच, आपण नको म्हटल्याशिवाय स्थिरांक काढत नाही.

म्हणून आरमध्ये बसवलेलं मॉडेल मी अजूनही एकदा ग्रेटलमध्ये चालवून बघतो. दहा मिनिटं जातात.