पंपाखालचा पिवळा

जुन्या बाजारातून आणलेला पेट्रोल पंप आज अखेर घासायला घेतला. रंग काढायचा रिमूव्हर लावला, पत्रीने खरवडला. वरचा निळा गेला, खालचा करडा गेला आणि त्याच्याही खाली पिवळा! म्हणजे बहुतेक बर्मा शेल, १९७६ साली सरकारने ताब्यात घेतलेली तेल कंपनी. डायलवर गॅलन आणि आणे. दशमान नाणी आली १९५७ साली, म्हणजे हे धूड माझ्यापेक्षा थोरलं.

संध्याकाळपर्यंत रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक अस्तराचा, एक हात झाला. ड्युको, म्हणजे वरचा चकचकीत रंग, मात्र ऊन पडल्यावरच. दमट हवेत तो पांढुरका पडतो, आणि पुण्यातला पाऊस काही आपल्याला विचारून येत नाही.

पिवळ्याचा एक तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवलाय. बायको म्हणते, "तेवढंच राहिलंय की रे घासायचं!"