कर्ली खाडीत घरच्या होडीने: नेरूरपार ते देवबाग आणि परत

माघ वद्य अष्टमी. सकाळी साडेसहाला सिंधुदुर्गातल्या नेरूरपारच्या पुलाखाली होडी पाण्यात सोडली तेव्हा अर्धा चंद्र वर होता आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीला गार लागत होता. साडेदहा फुटांची ही होडी मी आणि भाच्याने कोल्हापुरात पार्किंगमध्ये बांधली. वजन ४५ किलो, दोघांनी उचलली की गाडीच्या टपावर चढते.

दिवस मुद्दाम अष्टमीचा धरला होता. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीचा तास मिळतो. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाला. मालवणकडे भरती त्याआधी लागते, पण खाडीत आत पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून पुलाजवळ हाच हिशेब साधारण जमतो. म्हणजे दुपारपर्यंत ओहोटी आणि मतलई वारा दोघे समुद्राकडे नेणार, आणि नंतर भरती आणि समुद्रावरून येणारा खारा वारा दोघे परत आणणार. शिवाय अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान, तिला ओढ कमी. पहिल्याच खेपेला पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात जाऊ नका.

वालावलपर्यंत वल्ह्याला हातही लावावा लागला नाही. शीड ताडपत्रीचं, डोलकाठी माणग्याच्या बांबूची. माणगा भरीव असतो, लवतो पण मोडत नाही, आणि सिंधुदुर्गात सहज मिळतो. डोलकाठीसाठी महागडं लाकूड शोधत फिरू नका.

चेंदवणच्या पुढे वाळूच्या उथळावर डॅगरबोर्ड, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेला फळा, आपटला. पाच मिनिटांत तळाला पाणी दिसलं. होडी काठाला लावली. ज्या खाचेतून तो खाली सरकतो, तिच्या कापलेल्या कडेला मी इपॉक्सीचा (दोन भाग कालवले की कडक होणाऱ्या राळेचा) एकच हात दिला होता. वात तेल ओढते तसं प्लाय कापलेल्या कडेतून पाणी ओढतं, तिथे तीन हात हवेतच. काठावर जाळं विणत बसलेल्या एका काकांनी सगळं नीट पाहिलं, तेलात भिजवलेला कापूस आणून दिला आणि सुरीच्या टोकाने तो फटीत कसा ठासायचा ते दाखवलं. गळती थांबली ती संध्याकाळपर्यंत. निघताना ते म्हणाले, "बाराक वारो फिरतलो, तवसर जेवन घ्या." शब्द न् शब्द खरा ठरला.

बांधायची असेल त्यांच्यासाठी: ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस ७१० चा, शिक्का पाहून. तरी एक तुकडा काही तास उकळून बघाच. थर सुटले तर तो माल परत करा. फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायच्या, आतून सांध्यात इपॉक्सी आणि बारीक भुसा श्रीखंडाइतका घट्ट कालवून भरायचा, वर फायबरची पट्टी. इपॉक्सी एका वेळी वाटीभरच कालवा. आम्ही एकदा डबाभर कालवलं आणि दहा मिनिटांत डब्यातून धूर निघाला. पावसाळी हवेत वर चिकट साय धरते, ती पाण्याने धुऊन, घासूनच पुढचा हात द्या.

देवबागला आम्ही आतच थांबलो. संगमाच्या तोंडाशी लाटा फुटतात, तिथे अशी होडी अजिबात नेऊ नये. पर्यटकांच्या मोटरबोटींच्या लाटाही तिरक्या न घेता नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, घ्या. मच्छीमारांची जाळी दिसली की तरंगत्या खुणांना वळसा घालून जा. ती त्यांची रोजी आहे.

एक वाजता परत निघालो. तारकर्लीपर्यंत वारा तोंडावर, तिथे वल्ही मारावीच लागली, दंड भरून आले. वळण घेतल्यावर मात्र शीड एका बाजूला पूर्ण सोडलं आणि होडी न हिंदकळता, बुडाशी बारीक खळखळ करत, वालावलच्या माडांसमोरून गेली. भाचा बराच वेळ काही बोललाच नाही, आणि मग म्हणाला, "मामा, आपण बांधलीय ही."

लाइफ जॅकेट दोघांनी काठापासूनच घालायचं. होडीच्या दोन्ही टोकांना बंद हवेचे कप्पे हवेत आणि पाणी उपसायला डबा बांधलेला हवा. खाडीत येण्याआधी एखाद्या तलावात, पोहणारं माणूस सोबत घेऊन, होडी मुद्दाम उलटवून परत चढायचा सराव करा; आम्ही रंकाळ्याएवढ्या पाण्यातही पहिल्या दोन वेळा चढू शकलो नव्हतो. निघण्याआधी बंदर खात्याच्या स्थानिक कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या. घरी आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवा आणि कप्प्यांची झाकणं उघडी ठेवून सावलीत वाळवा. आमची आज तशीच पडली आहे. खाच पुन्हा घासून झाली, दुसरा हात उद्या.