तुम्ही विचारलंत म्हणून: ती नोंद मी का काढून टाकली

“फोटो होता ना? मग त्या पक्ष्याची नोंद का काढून टाकलीस?” दांडिया बाजारात भेटलेली माणसंही हेच विचारतात. दोन वर्षं मी विषय बदलत आले.

उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी वढवाणा तलावावर बेअर्स पोचार्डचा नर दिसला, असं मी लिहिलं होतं. हे बदक जगातूनच संपत चाललंय. त्याच्यासारखंच दिसणारं फेरुजिनस मात्र आपल्याकडे हिवाळ्यात येतं. दोन्ही नरांचे डोळे पांढरे. बेअर्सचं डोकं हिरवट झाकेचं काळं, फेरुजिनसचं तांबूस तपकिरी. शिवाय बेअर्सच्या कुशीचं पांढरं पाण्यावर दिसतं. माझ्या फोटोत ऊन समोरून, त्यामुळे डोकं नुसतं काळं. कुशीत पांढरं आहे, पण पक्षी पिसं साफ करताना कललेला.

नोंदी तपासणाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “जागेवर काय लिहिलं होतंत?”

वही उघडली. पेन्सिलनं ‘डोकं तपकिरी’. त्यावर पेनानं काट, आणि बाजूला ‘हिरवट काळं’. तळ्यावर मी पेन नेतच नाही. म्हणजे ती काट घरी, पक्ष्यांचं पुस्तक चाळल्यावर मारलेली. अक्षर माझंच. मारल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही. डोळे मिटले की आजही हिरवंच डोकं दिसतं. त्या रात्री मी जेवले नाही.

माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं संग्रहालयातून चोरलेल्या रानपिंगळ्याच्या (एक छोटं घुबड) नमुन्यावर ‘१९१४, मांडवी’ अशी खोटी चिठ्ठी लावली होती. आपल्या गुजरातमधलं मांडवी. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली आणि १९९७ मध्ये सहकाऱ्यांसोबत शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा शोधला. त्यानं जाणूनबुजून केलं, मी नाही. मी खोटारडी नाही, हे मला ठासून सांगायचंय. पण उद्या माझी नोंद वाचून कुणी शोधायला निघालं, तर त्याला हा फरक कुठून कळणार?

तरी तेव्हाची मी अजून भांडते. पेन्सिलीचं ते घाईतलं होतं, नंतर नीट आठवून सुधारलं तर काय चुकलं? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

फोटो पुसलेला नाही. कललेल्या फेरुजिनसच्या पोटाचं पांढरं कुशीत इतकं वर येतं का, ते दर हिवाळ्यात वढवाण्याला जाऊन पाहते. कधी येतं, कधी नाही.