टाकी आंबली तो दिवस

गणपती जाऊन चारच दिवस झाले होते. सकाळी साडेसातला पुण्यातल्या एका सोसायटीच्या चेअरमनकाकांचा फोन. "गॅसचा फुगा टम्म आहे, पण शेगडी काही पेटत नाही. आणि त्या फ्युएल सेलचं काय ते आज एकदाचं सांगा."

बायोगॅस प्लांटची देखभाल हा माझा धंदा. काका मुलीकडे जपानला जाऊन आल्यापासून त्यांच्या डोक्यात एने-फार्म बसलं होतं. २००९ पासून तिथे घरांसाठी विकलं जाणारं हे फ्युएल सेलचं यंत्र पाइपच्या गॅसमधून हायड्रोजन काढतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ घालून सुमारे ७०० वॅट वीज करतं आणि सुटलेल्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापवतं. ना धूर, ना जनरेटरची धडधड.

काकांच्या गणितात खोट नव्हती. त्यांचा रोजचा ५० किलो ओला कचरा म्हणजे साधारण ५ घनमीटर गॅस. छोटं इंजिन त्यातल्या ऊर्जेच्या पाव हिश्शाचीही वीज करत नाही. हातात पडतात सहा-सात युनिट. फ्युएल सेल ४० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तेवढ्याच कचऱ्यात जवळपास दुप्पट वीज. त्यामुळे त्यांना हसायची माझी टाप नव्हती.

पण आधी शेगडी. काडी लावली तर ज्योत क्षणभर उठली, थरथरली आणि बर्नरवरून उडून गेली. फुग्यात गॅस होता, पण बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी टाकीतल्या स्लरीत, म्हणजे कचऱ्याच्या पातळ काल्यात, बुडवली. साडेपाच! सातच्या आसपास हवा; आकडा जितका खाली तितकं आंबट.

"काय काय टाकलंत यात?"

कमिटीतले चौघे एकमेकांकडे बघायला लागले. बादल्या रिकाम्या करणाऱ्या मावशी पिंपाला टेकून उभ्या होत्या, त्या बोलल्या. "महाप्रसादाचं उरलेलं सगळं, दादा. भात, जिलबी, मठ्ठा. दोन दिवसांत तीन पिंपं. एवढं नको म्हटलं होतं मी. आणि तेव्हापासून वास पण आंबूस येतोय, शेणाचा नाही येत." माझ्या पट्टीने जे आज सांगितलं ते मावशींच्या नाकाने आधीच ओळखलं होतं. त्यांना विचारतंय कोण! वर क्रशरही नारळाच्या करवंटीने अडकलेला.

टाकीत मुख्यतः दोन गटांचे सूक्ष्मजीव असतात. पहिले अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन. गोड आणि पिठूळ पदार्थ पहिले झपाट्याने फस्त करतात. दुसरे मुळात सावकाश. लाटणाऱ्या चौघी आणि तव्यावर एकच, तशी गत. आम्ल साचतं आणि दुसरे कामच थांबवतात.

मग फिल्टरकडे वळलो. हा म्हणजे उभा पाइप, आत गंजवलेला लेथवरचा लोखंडी कीस. डाळी, अंडी, कांदा-लसूण यांतलं गंधक टाकीत हायड्रोजन सल्फाइड होऊन गॅसबरोबर येतं. ते या गंजाला चिकटतं आणि कीस काळा पडतो. व्हॉल्व्ह बंद करून मी पाइप उघडला आणि सगळा कीस फरशीवर ओतला. काजळीसारखा काळाकुट्ट, तांबूस कण औषधालाही नाही. काका वाकून बघत होते. दहा-एक मिनिटांत ढिगातून वाफ यायला लागली.

"अहो, हे पेटतंय की काय?"

"पेटू शकतं, काका. मागे सरका." काळ्या लोखंडाला हवा लागली की त्याचा पुन्हा गंज होतो आणि त्यात भरपूर उष्णता सुटते. मी बादलीभर पाणी मारलं. चर्र झालं. खरं तर उघडायच्या आधीच भिजवायला हवा होता. बोलण्याच्या नादात राहून गेलं. बारा वर्षं हे काम करतोय, तरी.

फिल्टरच्या पुढच्या नळीतल्या गॅसवर शिशाच्या क्षाराची पांढरी पट्टी धरली. बघता बघता काळी. मोजनळीत हायड्रोजन सल्फाइडचा आकडा आला १,२०० पीपीएम, म्हणजे गॅसच्या दहा लाख भागांत १,२०० भाग. "तुमच्या जपानी यंत्राला हे एक पीपीएमसुद्धा जड जातं," मी म्हटलं. "तिथल्या गॅसला मुद्दाम जो वास लावतात ना, गळती कळावी म्हणून, त्यातलं गंधकसुद्धा ते यंत्र आधी गाळून काढतं. मगच गॅस आत घेतं."

काकांनी ती काळी पट्टी मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "म्हणजे यंत्र आणण्याआधी गाळणी."

"गाळणीच्याही आधी बादली."

उपाय साधा. चार पिंपं स्लरी बाहेर काढली, गोठ्यातून आणलेला ताजा शेणकाला ओतला, चुन्याचं पाणी थोडं थोडं देत पीएच साडेसहापर्यंत वर आणला. आठ दिवस टाकीला उपास. तेवढे दिवस ओला कचरा महापालिकेच्या गाडीत, यावर मात्र कमिटीत तासभर भांडण झालं; ते सांगण्यात अर्थ नाही.

बाराव्या दिवशी गेलो तर शेगडीवर निळी ज्योत आणि वर मावशींचा चहा. काकांनी फोटो काढून लगेच मुलीला धाडला. कप हातात देताना मावशींनी हळूच विचारलं, "ते जपानचं मशीन आलं म्हणजे करवंट्या चालतील का, दादा?"

काका माझ्याकडे बघायला लागले.

"नाही चालणार," मी म्हटलं, आणि क्रशरमध्ये पुन्हा अडकलेली करवंटी काढून त्यांच्या हातावर ठेवली.