थे पुस्तक आता कोठी हाय?

मे महिन्यात आमच्या घराला एक मजला वाढतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी पाच-सहा बादल्या पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या वर न्यायच्या आणि पहाटे माशा उठवेपर्यंत तिथंच राहायचं. खाली कुलर आहे, पण कुलरला वीज लागते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ती केव्हा जाईल हे सांगणारा ज्योतिषी अजून जन्मला नाही.

या स्लॅबवर टाकीच्या पलीकडे हातभर जागा अशी आहे, की तिथं फोनवरच्या नेटवर्कच्या दोन काड्यांच्या तीन होतात. ती जागा मला आमच्या लेकीनं दाखवली. त्या हातभर जागेत उताणा पडून मी गेल्या उन्हाळ्यात वऱ्हाडच्या कापसावरची पुस्तकं वाचली. पुस्तकं विलायतेत छापलेली, पैसे भरलेले विद्यापीठानं आणि वाचणारा मी, बनियनवर.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घालायचा उद्योग मी का केला, ते सोडा. शाळेतल्या सहकाऱ्यांनी त्याची कारणं माझ्यापेक्षा जास्त शोधून ठेवली आहेत. विषय एकोणिसाव्या शतकातला वऱ्हाडचा कापूस व्यापार. सुरुवातीला ग्रंथालय म्हणजे माझ्या लेखी एसटी होती. सकाळची गाडी धरायची. नेर, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत अमरावती गाठायची. भूक लागायच्या आत दोन-तीन पुस्तकांतून टिपणं काढायची आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून अर्ध्या वाक्यावर पुस्तक मिटायचं. माझ्या वहीत अशी बरीच अर्धी वाक्यं आहेत. 1861 ते 1865 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. या गोष्टीचा पूर्वार्ध मी मार्चमध्ये लिहून घेतला आणि उत्तरार्ध जूनमध्ये. मधले तीन महिने अमेरिकेतलं युद्ध माझ्यासाठी चालूच होतं.

एक दिवस काउंटरवरच्या ग्रंथपाल मॅडमनी माझ्या हातातली पिशवी, डबा आणि घाम पाहिला. म्हणाल्या, "सर, यातली दोन तर ई-बुकं आहेत आपल्याकडे. घरून वाचता आली असती."

घरून मी शोधलं नव्हतं असं नाही. इंटरनेटवर ते पुस्तक मला दिसलंही होतं. पण दुकानाच्या काचेआड दिसतं तसं. एका प्रकरणाला तीसेक डॉलर. रुपयात गुणाकार करून मी फोन खिशात घातला होता. मॅडमनी तेच पान त्यांच्या संगणकावर उघडलं. तेच मुखपृष्ठ, तीच अनुक्रमणिका, फक्त किंमत गायब आणि तिच्या जागी छोटं उघडं कुलूप. विद्यापीठाच्या आवारातलं इंटरनेट प्रकाशकाला ओळखू येतं, आपल्या घरचं येत नाही, इतकाच फरक. मग घरूनही ओळख पटावी म्हणून विद्यापीठाचं नाव यादीतून निवडायचं, आपलं लॉगिन टाकायचं, की तीच काच बाजूला सरकते. लहान महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या सरकारी केंद्राची, एन-लिस्ट योजना आहे. कॉलेज वर्षाची वर्गणी भरतं, ग्रंथपाल प्रत्येकाचं खातं काढून देतो आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं तालुक्याच्या पोरासमोर उघडतात. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकाला त्याच्या नावाचं खातं आहे हे सहा वर्षांनी कळलं. पासवर्ड कपाटातल्या फाइलीत होता. कपाटाची किल्ली कुणाकडे होती, तो वेगळा शोधप्रबंध.

लॉगिन आलं म्हणजे पुस्तक आलं असं मात्र नाही. पहिल्या रात्री मी आजच्या स्पेलिंगनं अमरावती टाकलं आणि निघाली ती आंध्रातली, स्तूपवाली. यवतमाळ टाकलं, तर हाती लागले दोन पाण्याचे अहवाल. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला.

"सर, तुम्ही आजचं नाव टाकताय. पुस्तकं कधीची आहेत?"

अरे हो. गाव आपलं असलं तरी विलायती पुस्तकात ते सासरच्या नावानं नांदतं. इंग्रजांनी जसं ऐकलं तसं लिहिलं. अमरावती कुठं 'ए'नं सुरू होते, कुठं चक्क दोन 'ओ' लावून. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला त्यावरूनच 'ऊमरा' म्हणत. यवतमाळ 'वाय-ई-ओ'नं. आमचा जिल्हा तर 1905 पर्यंत यवतमाळ नव्हताच, वणी जिल्हा होता, आणि साहेबाच्या तोंडी 'वून'. अख्खा वऱ्हाड 1853 मध्ये निजामानं इंग्रजांच्या हवाली केला, म्हणून सरकारी कागदांत तो 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. त्यातही हैदराबादचं स्पेलिंग आज आपण करतो ते नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर या नावांची यादी केली आणि एकेक टाकत गेलो. 'वून' टाकल्यावर एका पुस्तकाच्या दोनशेव्या पानावर दारव्हा सापडलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी टाकीमागून ओरडलो आणि शेजारच्या स्लॅबवरचे काका दचकून उठून बसले. त्यांना वाटलं, साप निघाला.

मॅडमनी दुसरी एक गोष्ट शिकवली. शोधाच्या पानावर डाव्या हाताला बारका चौकोन असतो, 'जे आपल्याला वाचता येतं तेवढंच दाखवा' असा. त्यावर टिक केली की चारशे निकालांचे सोळा होतात. हा चौकोन सापडेपर्यंत मी आठ दिवस परक्याच्या लग्नाच्या पंगतीत ताटाची वाट पाहिली होती. नियतकालिकांची गोष्ट आता थोडी सोपी झाली आहे. 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' सुरू झाली आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना एकदम खुली झाली. पुस्तकांचा हिशेब त्यात नाही. ती आपली एकेक, ज्याच्या त्याच्या अटींवर.

अटी हा माझा दुखरा भाग आहे. एका पुस्तकात मी चाळीस पानं वाचून खुशीत होतो, तेवढ्यात पाटी आली: आज एवढीच पानं उतरवता येतील. दुसरं पुस्तक सात दिवसांसाठी फोनवर घेतलं. सातव्या दिवशी सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांगेत उभा होतो, वेळ जावा म्हणून ते उघडलं तर पानं कोरी. गेलं होतं. न मागता, न सांगता. विलंबशुल्काची भीती नाही म्हणून आनंद मानावा, की घरात येऊन पुस्तक उचलून नेलं म्हणून रागवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिसऱ्या पुस्तकाची अट सगळ्यात मजेशीर: विद्यापीठानं एकाच वाचकाचा परवाना घेतलेला. म्हणजे पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठात एका वेळी एकानंच वाचायचं. फाइल झिजत नाही, फाटत नाही, तरी ती कागदी पुस्तकासारखी एकाच माणसाच्या हातात असल्याचं नाटक करायचं.

हे ऐकल्यावर मला आमची शकुंतला आठवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी, वाटेत दारव्हा मोतीबागला दम खाणारी, कापसासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरची गाडी. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालायची. तिचे रूळ एका इंग्रजी कंपनीचे. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, तरी या रुळांवर गाडी चालवायची तर आपली रेल्वे त्या कंपनीला पैसे मोजत राहिली. लहानपणी आम्ही बिनातिकीट बसायचो तेव्हा हा व्यवहार ठाऊक नव्हता. ई-पुस्तकाचंही तेच. ग्रंथालयाच्या यादीत नाव आहे, डबे आपले, प्रवासी आपले. रूळ मात्र भाड्याचे. वर्गणी थांबली की मोतीबाग स्टेशनवर गवत. शकुंतलाही आता बंद आहे.

पुस्तकाच्या वासाबद्दल काही जण फार हळवे होतात. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या पुस्तकांना डांबरगोळ्यांचा वास येतो आणि काहींना वाळवीनं आतून वाचून काढलेलं असतं, त्यामुळे माझा त्या हळवेपणात वाटा नाही. मला वेगळीच गोष्ट खटकते. ई-पुस्तकात आपण कुठवर आलो ते हाताला कळत नाही. टक्के कळतात. 'त्रेसष्ट टक्के वाचून झालं' हे मला पेरणीच्या अहवालासारखं वाटतं.

मराठीची कथा उलटी. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, राज्य मराठी विकास संस्थेनं जपलेली दुर्मिळ पुस्तकं, मराठी विश्वकोश, हे सगळं फुकट, विनापासवर्ड, कुणीही या. पण आत काही शोधायला जा! बहुतेक जुनी पुस्तकं म्हणजे पानांचे फोटो. फोटोला काय विचारणार, सरकी कुठं आहे म्हणून? शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, मराठी प्रबंध सापडतात, त्यातलेही कित्येक जुन्या फॉन्टमधले. त्यातला उतारा उचलून चिकटवला की तिथं चेटूक केल्यासारखी अक्षरं उमटतात. त्यामुळे इंग्रजी पुस्तक कुलपात आणि दोन मिनिटांत शब्द सापडणारं, तर मराठी पुस्तक उघडं आणि अंगठा दुखेस्तोवर सरकवायचं. कापसाच्या भावाचा एक तक्ता मी असा अंगठ्यानं शोधला, दोन संध्याकाळी.

आईला हा सगळा प्रकार सुरुवातीपासून संशयास्पद वाटत होता. तिला लिहिता-वाचता येतं, पण पोथीपुरतं. मी वर पडल्या पडल्या फोनच्या उजेडात ओठ हलवतो हे तिनं दोन-चार दिवस पाहिलं आणि मग विचारलं, "काय पाह्यतं रे बाबू, इतल्या रातीला?"

"पुस्तक वाचतो, आई. विद्यापीठातलं."

"मंग थे पुस्तक आता कोठी हाय?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. फोनमध्ये नाही. अमरावतीतही नाही. कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रात आहे देव जाणे. मी म्हटलं, "ते असं कुठं नसतं. सात दिवसांनी आपोआप परत जातं."

"आपोआप?" आई उठून बसली. "मंग हे बेस हाय. शेजारीण दिवाईत सोऱ्या घेऊन गेल्ली, थो काहून नाही येत आपोआप?"

सोऱ्याचा विषय आमच्याकडे निघाला की अर्धा तास पुरतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री मी ते एकाच वाचकाचा परवाना असलेलं पुस्तक उघडायला गेलो. त्याच्या शेवटच्या प्रकरणावर माझं काम अडलेलं. पाटी आली: हे पुस्तक सध्या दुसरे वाचक वापरत आहेत, थोड्या वेळानं प्रयत्न करा. थोड्या वेळानं केला. तेच. साडेनऊला तेच, पावणेदहाला तेच. आधी चिडलो, मग नवल वाटायला लागलं. वऱ्हाडच्या कापसावरचं इतकं रुक्ष पुस्तक पाच जिल्ह्यांत या घडीला आणखी कोण वाचतंय? अकोल्याचं कुणी असेल, की वाशीमचं? माझ्याच विषयावर कुणी पुढं तर निघून गेलं नाही ना, अशी एक बारीक कळही आली. मॅडमना फोन करावासा वाटला, पण रात्री दहाला कुठं करणार? तरी संदेश टाकला. त्यांचं उत्तर आलं: "कोण आहे ते दिसत नाही, सर. पान उलटत असतील तोवर सुटणार नाही."

दहा वाजून गेले तरी खालून कुणी वर झोपायला येईना, म्हणून मी जिन्यानं उतरलो. मागच्या खोलीत दिवा चालू होता. खिडकीत बायकोचा फोन हॉटस्पॉट लावून ठेवलेला, पलंगावर माझा लॅपटॉप. मी दुपारी ते पुस्तक तिथंच उघडं टाकून उठलो होतो हे तेव्हा आठवलं. लॅपटॉपसमोर लेक, तिला चिकटून आई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पडद्यावर कापसाच्या बंड्यांचा, म्हणजे बैलगाड्यांचा, जुना फोटो, एकामागे एक, नजर जाईल तिथवर. लेक पान उलटायला गेली की आई तिचा हात धरायची.

"यायनं बंडीत कापूस मोकयाच भरला काय वो?" ती नातीला विचारत होती. "तट्टेच नाही लावले. अर्धा वाटनंच सांडंन."

मी दारातून म्हटलं, "आई, ते पुस्तक पाहिजे होतं मला."

आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. बोट पडद्यावरच्या तिसऱ्या बंडीवर होतं.

"थांब. माह्यं पाहून होऊ दे, मंग ने."